चौकोनातले बूट

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुसिद्ध मगदूम कोण, असं विचारलं असतं तर कुणीही खांदे उडवले असते. पण गुरुअण्णा म्हटलं की चहावाला हातातली किटली खाली ठेवून रस्ता दाखवायला बाहेर यायचा. नेमिनाथशेठच्या ओतकामाच्या कारखान्यात ते भट्टीचे फोरमन. अठराव्या वर्षी गडहिंग्लजच्या पलीकडून एक पिशवी घेऊन आले आणि भट्टीपाशी जे उभे राहिले ते अडतीस वर्षं हललेच नाहीत. मधल्या काळात कोळशाची भट्टी गेली, विजेची आली, शेठच्या डोक्यावरचे केस गेले. अण्णा होते तिथेच होते.

घरचं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. भट्टीवरच्या चौदा माणसांना त्याचा चांगला अंदाज होता. अण्णा मराठीतून शिव्या देत असले तर काम बरं चाललंय समजायचं. कानडी सुरू झालं की हातातलं टाकून आधी बाजूला व्हायचं आणि मग काय चुकलं ते बघायचं.

लोखंडाचा रस नुसता बघून ते किती तापलाय हे सांगत. शहाण्णव साली रसाची उष्णता मोजायचं यंत्र आलं. पहिल्याच दिवशी यंत्र आणि अण्णा यांच्यात चाळीस अंशांचा फरक पडला. शेठनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं, आणि त्यात खरोखरच बिघाड निघाला. तेव्हापासून अण्णांचं कुठल्याही यंत्राबद्दलचं मत ठरून गेलं होतं, आणि ते फारसं चांगलं नव्हतं.

असा माणूस कॉम्प्युटरपुढे कसा सापडला, त्याची ही गोष्ट.

दोन हजार पाच साली शेठचा मुलगा सम्मेद पुण्याहून शिकून आला. येताना त्याने एक सॉफ्टवेअर आणलं. कारखाना किती नीटनेटका आहे ते तपासायचं सॉफ्टवेअर. त्यात चाळीस प्रश्न. नको असलेल्या वस्तू बाजूला काढल्या का? प्रत्येक वस्तूला जागा ठरली आहे का? वस्तू ठरलेल्या जागी आहे का? साफ आहे का? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि फोटो चिकटवल्याशिवाय गुण घ्यायचे नाहीत. शेवटी शंभरपैकी आकडा यायचा आणि आकड्याशेजारी एक तोंड. ऐंशीच्या वर हसरं हिरवं, त्याखाली तोंड वाकडं केलेलं पिवळं, पन्नासच्या खाली रडकं लाल.

सॉफ्टवेअर विकणारा गडी टाय लावून आला होता. त्याने जपानी भाषेतले पाच शब्द प्रोजेक्टरने भिंतीवर टाकून समजावून सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पावणं, एक इचारू काय? ह्यो कॉम्प्युटर भट्टीजवळ बसनार काय?"

"नाही, नाही. त्याला एसी लागतो."

"मग भट्टीजवळ काय चाललंय त्याला कसं कळनार?"

"फोटोवरून कळतं."

"लगीन बी तसंच ठरतंय," अण्णा म्हणाले, "आनि मग जल्मभर निस्तरायला लागतंय." सगळे हसले. सम्मेद हसला नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली. दर महिन्याला तपासणी होईल. वीस जानेवारीच्या तपासणीचा छापील कागद पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाईकाला जाईल, आणि त्या दिवशी ज्या विभागाला ऐंशीच्या खाली गुण पडतील, त्याच्या फोरमनला स्टोअरमध्ये पाठवलं जाईल.

स्टोअर! नटबोल्ट मोजायचे आणि हातमोज्यांच्या जोड्या लावायच्या. दोन वर्षांनी अण्णा निवृत्त होणार होते. भट्टीवरून घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. स्टोअरमधून घरी जाणं म्हणजे त्यांच्या लेखी निवृत्तीच नव्हे, ती हकालपट्टी.

ऑक्टोबरच्या पहिल्या तपासणीत भट्टीला एकतीस गुण पडले. लाल रडकं तोंड छापून गेटवर लावलं, खाली अण्णांचं नाव. चहावाल्याने विचारलं, "अण्णा, ह्यो तुमचा फोटू काय?" शेजारी मशीनशॉपच्या शशिधरचं हिरवं तोंड दात काढत होतं, अठ्ठ्याऐंशी गुण. शशिधर दिवसभर काही ना काही निमित्त काढून गेटवर जाऊन येत होता.

गुण कापले गेले त्याची यादी दोन पानी होती. पाइपवर वाळत घातलेले बनियन सात. रस ओतायचं भांडं तापवायच्या जागी शेंगा भाजत होत्या. मोडकी फावडी अकरा. आणि अठ्ठ्याहत्तर सालची विजेची जळकी मोटार.

"हे कशाला ठेवलंय?" सम्मेदने विचारलं.

"असू द्या की. कवा लागंल सांगता येत न्हाय."

"सत्तावीस वर्षांत लागली नाही."

"म्हंजे आता लागायची येळ आली न्हवं?"

पण अण्णा ईर्ष्येचा माणूस. स्टोअरचं नाव ऐकल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं. त्यांनी मोटार भंगारात घातली, बनियन काढले आणि पिवळ्या रंगाचे चार डबे आणले. प्रत्येक वस्तूला जागा पाहिजे म्हणतो काय हा कॉम्प्युटर? मग देऊ की जागा. फावड्याभोवती पिवळा चौकोन, बादलीभोवती चौकोन, चहाच्या पेल्यांभोवती चौदा गोल. केरबा दुपारी जिथे बसायचा तिथे चौकोन काढून आत 'केरबा' लिहिलं. भट्टीच्या उबेला एक मांजर झोपायला यायचं, त्यालाही चौकोन मिळाला. फक्त मांजराने तपासणीच्या दिवशी शेजारच्या चौकोनात झोपून अर्धा गुण घालवला, आणि अण्णा त्याच्याशी दोन दिवस कानडीत बोलत होते. नोव्हेंबरात अठ्ठावन्न झाले. पिवळं तोंड. रडणं तरी थांबलं.

डिसेंबरात कारखान्याने भट्टीवाल्यांना बूट दिले. जाड चामड्याचे, पुढे पोलादी टोपी, नाडीऐवजी वरून झाप. चौदा आणि अण्णांचा एक, असे पंधरा जोड.

आता इथे एक सांगायला पाहिजे. अण्णांचे उस्ताद पिराजी मिस्त्री यांनी पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. भट्टी म्हणजे अग्नी, अग्नीपुढे पायताण घालून उभं राहायचं नाही. पिराजी मिस्त्री अनवाणी उभे राहिले, अण्णा राहिले, आणि अण्णांनी हाताखालच्या प्रत्येकाला तसंच उभं केलं. दारात पायताण काढायचं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा आणि आत यायचं. शेठ आले तरी तसंच. यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं, देवळात वाटतं का?

तेव्हा नवे बूट आले ते दाराबाहेर उतरले. आणि तिथे अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी भिंतीकडेने पंधरा चौकोन आखले, प्रत्येकात नाव घातलं, बुटांना रोज खोबरेल लावून चमकवायला सांगितलं. शेवटी सोळावा चौकोन काढला, 'सम्मेदसाहेब'. कारण साहेब तपासणीला आला की तोही लहानपणापासूनच्या सवयीने दारातच बूट काढायचा.

डिसेंबरच्या तपासणीला सम्मेद त्या रांगेपुढे उभा राहिला आणि बघतच राहिला. पादत्राणे ठरलेल्या जागी आहेत का? पाच. स्वच्छ आहेत का? पाच. जागेवर नावं आहेत का? पाच. त्याने चार बाजूंनी फोटो काढले, स्वतःचे बूट सोळाव्या चौकोनात ठेवले आणि मोज्यांवर आत गेला. आत चौदा माणसं अनवाणी उभी होती. त्याने फावडी बघितली, बादल्या बघितल्या, मांजरसुद्धा बघितलं. पाय कुणी बघितले नाहीत. प्रश्नच नव्हता तो.

ब्याऐंशी! हिरवं हसरं तोंड गेटवर लागलं. अण्णांनी सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. शशिधर हात मिळवायला आला, तेव्हा अण्णांनी त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"आता भट्टी कोन काढून घेतंय बगू," अण्णा घरी बायकोला, मल्लव्वाला म्हणाले. पुढचे पंधरा दिवस ते शिट्टी वाजवत कामाला गेले.

जानेवारीच्या मध्यावर केरबा लंगडायला लागला. केरबा बिद्रीकडचा, बारा वर्षं अण्णांच्या हाताखाली, त्यांच्यानंतर रसाकडे बघून काही कळत असेल तर ह्यालाच. विचारलं तर म्हणाला, मुंगी चावली. दुसऱ्या दिवशी डाव्या पायात मोजा घालून आला. जानेवारीत, भट्टीपुढे, एका पायात मोजा!

"काढ त्यो," अण्णा म्हणाले.

"असू द्या की अण्णा. थंडी वाजतीया."

"एकाच पायाला?" अण्णांनी खाली बसून मोजा स्वतःच ओढला. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात रसाचा थेंब पडून मांस उघडं झालं होतं. वर खोबरेल आणि हळद थापली होती. बुटांच्याच डब्यातलं खोबरेल.

"कवा झालं हे?"

"सोमवारी."

"आनि आज गुरुवार! तोंड शिवलं हुतं काय तुजं? दवाखान्यात का गेला न्हाईस?"

केरबा मान खाली घालून म्हणाला, "गेलो असतो तर अपघाताचा कागद झाला असता. कागद झाला की गुण कटत्यात. आनि ईस तारखेला गुण कटलं म्हंजे तुमची भट्टी..."

अण्णांच्या तोंडून शिवी निघेना. ना मराठीतून, ना कानडीतून. त्यांनी केरबाला स्वतःच्या स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. गेटवरच्या हिरव्या तोंडाकडे जाताना त्यांची नजर गेली, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात चमकणाऱ्या बुटांचे पंधरा जोड, आत माणसाच्या पायाला भोक. हे आपणच आखलं, आपल्या हाताने, पिवळ्या रंगात.

संध्याकाळी मल्लव्वाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. सीमेकडच्या बायका बोलतात तशी, पुरुषासारखीच बोलायची ती.

"मी तर तवाच म्हनलो हुतो, चांगलं बूट हाईत तर घाला की. त्या केरबाची बायकू बाजारात भेटली तर मी काय तोंड दावू?"

"उस्तादांनी शिकवलंय गं. अग्नीपुढं..."

"अग्नीला पाय खायाला घाला म्हनले हुते काय उस्ताद?" तिने भाकरी उलटली. त्या दिवशी अण्णांनी दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी त्यांनी भट्टीपुढे माणसं गोळा केली आणि बूट घालायला सांगितले. कुणी हलेना. तेरा माणसं अण्णांकडे अशी बघायला लागली, की म्हाताऱ्याला रात्रीत काही झालं तर नाही. अडतीस वर्षं ज्याने चपलेवरून लोकांना हाकलून दिलं तोच आता बूट घाला म्हणतोय!

"अण्णा, देवाला काय वाटंल?" एकाने विचारलं.

"देवाला मी सांगतो. तुमच्यापरीस माजी वळख जुनी हाय."

त्यांनी नारळ फोडला, हात जोडले आणि भट्टीशी कानडीत बराच वेळ बोलले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण मध्ये दोनदा पिराजी मिस्त्रींचं नाव आलं आणि एकदा अण्णांनी डोळे पुसले. मग बाहेर गेले, चौकोनातला आपला जोड उचलला, घातला आणि उंबरा ओलांडून आत आले. सगळ्यांनी भट्टीकडे बघितलं. भट्टी नेहमीसारखी गुरगुरत होती.

मग एकेकाने घातले. नवे बूट चावत होते, सगळे नव्या नवरीसारखं जपून पाय टाकत होते. अण्णांनी सगळ्यांना भट्टीकडे तोंड करून हात वर करायला लावले. "हिच्या समोर बोला. एकदा घातला की पाळी सुटल्याबिगर काडायचा न्हाय. कोनी बी सांगू दे." सगळ्यांनी आण घेतली. केरबा रजेवर होता, त्याच्या वाटची अण्णांनी घेतली.

वीस तारीख आली. सम्मेद कॅमेरा घेऊन आला, दारात बूट काढले, सोळाव्या चौकोनात ठेवले आणि रांगेकडे वळला. पंधरा चौकोन रिकामे.

"मामा, बूट कुठे गेले?" लहानपणापासून तो अण्णांना मामाच म्हणायचा.

"घातल्यात."

सम्मेदने आत डोकावलं. मग हातातल्या कागदावर बघितलं. "मामा, सत्ताविसावा प्रश्न आहे, पादत्राणे ठरलेल्या जागी आहेत का."

"ठरल्याली जागा म्हंजे पाय न्हवं? बूट कशासाटी शिवत्यात, भितीला टेकवून ठेवायला?"

"मला कळतंय हो! पण पायात आहेत का, हा प्रश्न सुरक्षेच्या भागात येतो. तो भाग वेगळा विकत मिळतो. आपण अजून घेतलेला नाही."

अण्णांनी त्याच्या हातातला कागद उलटून मागची बाजू बघितली. "म्हंजे नीटनेटकं राहायचं ह्या वर्साला, आनि जित्तं राहायचं फुडच्या वर्साला?"

दोघे एसीच्या खोलीत गेले. सम्मेदने रिकाम्या चौकोनांचा फोटो घातला. जागी नाहीत, शून्य. स्वच्छ दिसत नाहीत, कारण दिसतच नाहीत, शून्य. कॉम्प्युटरने विचार केला आणि सत्त्याहत्तर दाखवले. पिवळं तोंड. केरबाच्या पायाबद्दल सॉफ्टवेअरने काही विचारलंच नाही. त्याचा प्रश्नही दुसऱ्याच भागात होता.

सम्मेदच्या कपाळावर एसीतही घाम आला. मनाने वाईट नव्हता तो. म्हणाला, "मामा, एक काम करा. फक्त पाच मिनिटं सगळ्यांना बूट काढून चौकोनात ठेवायला सांगा. मी फोटो काढतो, मग लगेच घाला. आपले ब्याऐंशी होतील. तुमची भट्टी राहील."

पाच मिनिटं. अण्णांना काचेतून भट्टीचं दार दिसत होतं. अडतीस वर्षं त्या दारातून गेले होते. पाच मिनिटांनी काय बिघडणार होतं? त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भट्टी आपली राहावी असं त्यांना फार वाटलं, खोटं कशाला बोला.

"न्हाय जमायचं," ते म्हणाले. "आन घ्यायला लावलीया पोरास्नी. आज फोटूसाटी काडा म्हनलं तर उद्यापास्नं माजं कोन ऐकंल? परत लागतील तेल लावून ठेवायला." मग त्यांनी सम्मेदच्या पायांकडे बोट केलं. "आनि सायेब, तुमी बी आत येताना काडू नगा. पाय भाजतील."

सम्मेदने खाली बघितलं. तो पायात नुसते मोजे घालून बसला होता. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तीन महिने तो असाच रसापाशी फिरून गुण देत होता, हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्याने पाय टेबलाखाली घेतले.

नोटीस फाडतो म्हणाला, तर अण्णांनीच अडवलं. "सही तुमची हाय. आज माज्यासाटी फाडली तर उद्या शशिधरसाटी फाडाय लागंल. मग मालक म्हनून कोन इचारनार तुमाला?" बाकीच्या विभागांच्या जोरावर कारखान्याची सरासरी एक्क्याऐंशी भरली, पुण्याचं गिऱ्हाईक राहिलं. सत्त्याहत्तरवाला मात्र डबा उचलून स्टोअरमध्ये गेला. जाताना त्यांनी भट्टीचा ताबा केरबाला दिला. केरबा भर कामात हुंदके देऊन रडला आणि शिव्या खाल्ल्या, मराठीतल्या.

स्टोअरमध्ये अण्णांचं मन लागलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुळीच लागलं नाही. नटबोल्ट मोजताना आकडा चुकायचा, कारण कान भट्टीकडे. आवाजावरून रस तयार झालेला कळायचा, आणि हात आपोआप उठायचा. मग ते हात खाली घेऊन हातमोजे मोजायचे. चिडचिड वाढली. जुनी वस्तू दाखवल्याशिवाय नवी द्यायची नाही, असा नियम त्यांनी केला आणि साध्या केरसुणीसाठी शशिधरला तीन खेपा घालायला लावल्या. तेवढंच सुख.

मार्च संपत आला असताना एका दुपारी केरबा खिडकीपाशी आला. "अण्णा, बुटाचा नवा जोड पायजे."

"अडीच म्हैन्यात? वर्सभर चालायला पायजे त्यो. नाचतोस काय घालून? जुना दाव आदी."

केरबाने डावा बूट खिडकीच्या फळीवर ठेवला. वरच्या चामड्याला हाताची तीन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं. कडा जळून वळल्या होत्या. भोकाच्या तळाशी पोलादी टोपीवर लोखंड ओघळून तिथेच थिजलं होतं, चांगलं पावशेर तरी असेल. अण्णांनी त्यात बोट घातलं. लोखंड अजून कोमट होतं.

"पाय?" त्यांनी विचारलं.

केरबाने मोजा काढला आणि पाय उचलून सरळ फळीवर ठेवला, हातमोज्यांच्या गठ्ठ्याशेजारी. जुन्या डागाशिवाय पायावर काही नव्हतं. त्याने पाचही बोटं हलवून दाखवली.

अण्णा सुरू झाले ते थेट कानडीत. स्टोअरमध्ये पाय वर ठेवतोस, लाज नाही का, भांडं तिरकं कुणी धरलं होतं, डोळे कुठे होते, बापाचं नाव काय. केरबा हसत ऐकत होता, कारण बोलता बोलता अण्णांनी त्याचा पाय दोन्ही हातांत धरला होता आणि ते तो सोडत नव्हते. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांना कळतही नव्हतं.

मग त्यांनी नाक शिंकरलं, नवा जोड काढून दिला, केरबाला तिथेच घालायला लावला आणि वही पुढे ओढली. नाव लिहिलं, तारीख लिहिली, केरबाची सही घेतली. जुनी वस्तू लवकर खराब का झाली, त्याचं कारण लिहायला एक रकाना होता. अण्णांनी पेन दोनदा झटकलं आणि जपून, चांगल्या अक्षरात लिहिलं, 'पायात होता.'